पहिली झडप सरकारने बसवली, दुसरीचं काय?

मा. प्रकाश आबिटकर यांस,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य



2025 च्या सप्टेंबरमध्ये आपल्या मंत्रिमंडळाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबाबत एक निर्णय घेतला. योजनेच्या पाच लाखांच्या मर्यादेत न बसणाऱ्या नऊ महागड्या उपचारांसाठी वेगळा निधी ठेवायचं ठरलं. बातमी छापताना सगळ्यांनी हृदय, यकृत, फुप्फुस यांचं प्रत्यारोपण वर घेतलं, ते साहजिकच होतं. यादीच्या तळाशी दोन नोंदी होत्या : छाती न उघडता कॅथेटरने महाधमनीची झडप बदलणं आणि त्याच पद्धतीने मायट्रल झडप बदलणं. प्रत्येकी दहा लाख. या दोन नोंदींसाठी आधी मनापासून आभार. त्यांचा लाभ ज्यांना सगळ्यात आधी लागणार आहे ते लोक मला माझ्या काउंटरवरून दिसतात, म्हणून हे पत्र.

माझं अहिल्यानगरच्या नागापुरात मनमाड रस्त्याला लागून औषधांचं दुकान आहे. एमआयडीसीतली पाळी सुटली की गर्दी होते, ती ताप, पाठदुखी, ॲसिडिटी यांची. तिच्यात हृदयाची झडप बदललेली माणसंही असतात. ती दोन प्रकारची. पहिल्या प्रकारच्या माणसांना आम्ही नावानिशी ओळखतो, कारण ती दर महिन्याला ॲसिट्रॉमची स्ट्रिप घ्यायला येतात. त्यांच्या छातीत धातूची झडप आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, तिच्यासोबत रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर तपासणी, आणि मेथी-पालकाची भाजी आज खाल्ली, पुढे पंधरा दिवस नाही, असं चालणार नाही ही ताकीद. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर आयएनआरचा आकडा साधारण अडीच ते साडेतीन यांच्यामध्ये ठेवावा लागतो. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. कंपनीत कंत्राटदार बदलला, महिनाभर पगार अडकला, गोळी चुकली आणि माणूस अर्धांग घेऊन सिव्हिलला गेला, असं इथे घडलेलं आहे.

दुसऱ्या प्रकारची माणसं शस्त्रक्रियेनंतर काही महिने दिसतात आणि मग दिसेनाशी होतात. त्यांना टिश्यू व्हॉल्व्ह बसवलेला असतो, म्हणजे डुकराच्या झडपेची किंवा गायीच्या हृदयावरच्या आवरणाची, प्रक्रिया करून बनवलेली झडप. ठोके नियमित असतील तर रक्त पातळ करायची गोळी काही महिन्यांत बंद होते. औषध नाही म्हणून दुकानाशी संबंध नाही, आणि बरं वाटतंय म्हणून डॉक्टरशीही नाही. मग दहा-बारा वर्षांनी तेच गिऱ्हाईक परत येतं. हातातल्या चिठ्ठीवर डायटॉर किंवा लॅसिक्स लिहिलेलं असतं, म्हणजे अंगातलं पाणी काढायची गोळी. पायाला सूज आणि जिना चढताना धाप. झडप कडक होत आलेली असते, नाहीतर फाटलेली.

ही माणसं आत्ताच का परत येताहेत, याचा हिशेब साधा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आमचा जिल्हा त्यात नव्हता. 21 नोव्हेंबर 2013 पासून ती राज्यभर लागू झाली, तेव्हा नगरकरांना मिळाली. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मर्यादा तेव्हा दीड लाखाची होती, पण त्यात झडप बदलायची शस्त्रक्रिया बसत होती. ज्यांनी एरवी शेत विकलं असतं किंवा आजार अंगावर काढला असता, अशी किती तरी माणसं फुकट ऑपरेशन होऊन घरी आली. योजनेवर टीका करणाऱ्यांना मी आजही हेच सांगतो. पण प्राण्याच्या ऊतीची झडप जन्माला पुरत नाही. साठी-सत्तरीच्या माणसात ती दहा ते पंधरा वर्षं टिकते, तरुण अंगात त्याहून लवकर झिजते, कारण तरुण शरीर तिच्यावर कॅल्शियम झपाट्याने चढवतं. म्हणजे योजनेच्या पहिल्या काही वर्षांतल्या टिश्यू झडपांची मुदत आता भरत आली आहे. सरकारने बसवलेल्या या झडपा एकेक करून निकामी होणार. हे संकट अचानक आलेलं नाही, त्याची तारीख पहिल्या ऑपरेशनच्या दिवशीच ठरली होती.

आमच्या वस्तीतल्या एका सुनेची गोष्ट सांगतो. लहानपणी घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले, कुणी फार मनावर घेतलं नाही. लग्नानंतर धाप लागायला लागली तेव्हा मायट्रल झडप आक्रसल्याचं कळलं. झडप बदलायची वेळ आली तेव्हा ती तिशीच्या आत होती. डॉक्टरांनी तिला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की धातूची झडप जास्त टिकेल, पण तिची गोळी गरोदरपणात बाळाला बाधते. मूल हवं असेल तर टिश्यू घ्या, मात्र दहा-बारा वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागेल हे धरून चला. दोघांनी विचार करून टिश्यू घेतली. निर्णय योग्यच होता, मुलगा आज शाळेत जातो. आता झडप कडक झालीय. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक तर पुन्हा छाती उघडायची. आधीच्या ऑपरेशनमुळे हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेलं असतं, म्हणून दुसऱ्या वेळचं उघडणं पहिल्यापेक्षा अवघड. नाहीतर जांघेतल्या शिरेतून नळी घालून जुन्या झडपेच्या आतच नवी झडप बसवायची. हे सांगून त्यांनी पहिला प्रश्न विचारला : "आतला व्हॉल्व्ह कुठल्या कंपनीचा, कितव्या नंबरचा?"

तिच्याजवळ डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर एमव्हीआर, बायोप्रोस्थेटिक, म्हणजे मायट्रलच्या जागी टिश्यू झडप, एवढंच. झडपेच्या खोक्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, नंबर आणि अनुक्रमांक लिहिलेली चिकटपट्टी असते. ती रुग्णालयाच्या केसपेपरवर लावली गेली असणार, तिच्या कार्डावर नाही. नवरा त्या रुग्णालयात जाऊन आला. इतकं जुनं रेकॉर्ड ठेवत नाही, असं उत्तर मिळालं. साहेब, मोटारसायकलच्या चॅसीचा नंबर आरटीओकडे कायम असतो आणि बाईच्या हृदयात सरकारी पैशाने बसवलेल्या वस्तूचा नंबर कुणाकडेच नाही.

नंबर इतका महत्त्वाचा का, हे मला आधी नीट माहीत नव्हतं. दुकानात येणाऱ्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी ते समजावलं आणि मग मी वाचत गेलो. टिश्यू झडप म्हणजे कापड गुंडाळलेली एक कडी, तिच्यावर उभी चौकट आणि चौकटीत तीन पडदे. नवी झडप धातूच्या जाळीत शिवलेली असते. ती मिटवून नळीच्या टोकावर बसवतात. मायट्रलसाठी जांघेतल्या शिरेतून उजव्या कप्प्यात, तिथून दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र पाडून डावीकडे, आणि मग जुन्या झडपेच्या मधोमध. तिथे फुगा फुगवला की जाळी उलगडते, जुने पडदे कडेला दाबले जातात आणि जुनी कडीच नव्या झडपेचा आधार बनते. जाळी छोटी निघाली तर ती सुटून जाऊ शकते किंवा कडेने रक्त गळतं. मोठी निघाली तर पूर्ण उघडत नाही. म्हणून आतली मोकळी जागा मिलिमीटरमध्ये माहीत हवी, आणि खोक्यावरच्या नंबरावरून ती थेट कळत नाही. महाधमनीच्या 21 नंबरच्या दोन झडपा घ्या : एका कंपनीच्या झडपेत आत 19 मिलिमीटर जागा उरते, दुसऱ्या कंपनीच्या झडपेत 17.

हा घोळ ज्यांनी निस्तरला ते हृदयशल्यविशारद मराठी आहेत, हे वाचून बरं वाटलं. डॉ. विनायक बापट मुंबईतून लंडनला गेले, तिथल्या गाइज अँड सेंट थॉमस रुग्णालयात काम केलं, पुढे अमेरिकेत गेले. बाजारातल्या प्रत्येक टिश्यू झडपेची आतली खरी जागा किती, क्ष-किरणात ती कशी दिसते, तिच्यात कुठली नवी झडप किती खोल बसवायची, हे सगळं त्यांनी पद्धतशीर मांडलं आणि मोबाइलच्या ॲपमध्ये आणलं. जगभरचे डॉक्टर ते वापरतात. रुग्णाचं कार्ड हरवलेलं असलं तरी क्ष-किरणातल्या कडीच्या आकारावरून कंपनी ओळखता येते, सीटी स्कॅनवर माप घेता येतं. वस्तीतल्या त्या सुनेच्या बाबतीत तेच करावं लागेल. पण ज्या माहितीची पट्टी एके काळी खोक्यावर छापलेली होती, ती पुन्हा शोधायला सीटी स्कॅन लागावा आणि त्यासाठी पुण्याच्या खेपा व्हाव्यात, हे मला पटत नाही.

ही पद्धत प्रयोगातली राहिलेली नाही. हेनिंग रुड अँडरसन या डॅनिश डॉक्टरने 1989 मध्ये खाटकाकडून डुकरांची हृदयं आणून, तारेच्या जाळीत झडप शिवून ती डुकरातच बसवून पाहिली होती. माणसात कॅथेटरने पहिली झडप फ्रान्समधल्या रूआँ गावी डॉ. अलँ क्रिबिए यांनी 16 एप्रिल 2002 ला बसवली. झडपेत झडप बसवलेल्या 459 रुग्णांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक वयस्क, पुन्हा छाती उघडणं धोक्याचं ठरलेले. त्यांतले शंभरात त्र्याऐंशी रुग्ण एका वर्षानंतर हयात होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्ये महाधमनीच्या आणि 2017 मध्ये मायट्रलच्या निकामी टिश्यू झडपेत अशी झडप बसवायला परवानगी दिली. आणि आता झडप परदेशातूनच आणावी लागते असंही नाही. नाशिकहून पेठच्या रस्त्याने घाट उतरलं की वापी लागतं. तिथल्या मेरिल कंपनीची मायव्हॅल ही झडप 2018 पासून भारतात मान्य आहे. 2024 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत ती दोन मोठ्या परदेशी झडपांच्या तुलनेत कमी पडली नाही. तिच्यात मधले आकारही मिळतात, आणि झडपेत झडप बसवताना अर्ध्या मापाचा फरकही मोठा असतो.

तरीही मी कॅथेटरचा प्रचारक नाही. धातूच्या झडपेत ही झडप बसतच नाही. चकती अडकली तर गुठळी विरघळवायचं औषध किंवा पुन्हा ऑपरेशन, तिसरा मार्ग नाही. टीटीके-चित्रा ही भारतात घडवलेली, स्वस्त आणि टिकाऊ झडप डॉ. वलियाथन यांच्या चमूने तिरुवनंतपुरमला तयार केली, 1990 मध्ये पहिल्यांदा बसवली. गरिबाच्या छातीत आजही तिची योग्यता आहे, पण तिचा रुग्ण कॅथेटरच्या यादीत येणार नाही. झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल तरी नळी वापरत नाहीत. पहिली कडीच लहान असेल तर आत आणखी एक झडप बसवून वाट अरुंद होते, आणि 2014 च्या त्याच अभ्यासात लहान कडीच्या रुग्णांचं जगणं कमी निघालं. मायट्रलमध्ये नवी जाळी महाधमनीकडे जाणारी वाट अडवू शकते. म्हणून हा निर्णय शल्यविशारद आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून घ्यायचा असतो. तरुण, धडधाकट रुग्णाला पुन्हा ऑपरेशनच योग्य ठरू शकतं. रस्त्यावरच्या फलकांवर "बिना टाका, बिना चिरा" लिहिणारे यातलं काही सांगत नाहीत.

आता मागणी. तिच्यातली मुख्य गोष्ट एकच आहे : पहिली झडप बसवतानाच दुसरीची तरतूद व्हावी.

दहा लाखांच्या त्या दोन नोंदींसमोर "आधी बसवलेल्या व निकामी झालेल्या टिश्यू झडपेत नवी झडप बसवणेसह" एवढे शब्द पूर्वमंजुरीच्या नियमांत स्पष्ट लिहून घ्या. योजनेच्या खिडकीवर माणसापेक्षा शब्द मोठे असतात हे मी पाहिलंय. खिडकीवरचा आरोग्यमित्र बिचारा संगणकावर जे दिसतं तेवढंच करू शकतो. मूळची झडप बदलायला मंजुरी आणि झडपेतल्या झडपेची फाइल मात्र त्रुटी लावून परत, असं होऊ नये. शिवाय हा उपचार प्रामुख्याने मुंबई-पुण्यातल्या केंद्रांवर होतो. नगरमध्ये हृदयाची ऑपरेशनं होतात, आनंदऋषीजीसारख्या रुग्णालयामुळे गोरगरिबांना त्याचा मोठा आधार आहे. पण या प्रकारासाठी कुठल्या अंगीकृत रुग्णालयात जायचं याची यादी जिल्हा रुग्णालयाच्या फलकावर लागली पाहिजे. पुण्यात गेल्यावर "वरचे चार लाख तुमचे" असं कुणी म्हणू नये, एवढी देखरेखही हवी.

नोंदीबाबत सांगायचं तर ज्या झडपेचे पैसे योजनेने दिले, तिची कंपनी, मॉडेल, नंबर आणि अनुक्रमांक ही माहिती योजनेच्या दाव्यात असलीच पाहिजे. ती रुग्णाला मिळावी. पुढच्या प्रत्येक रुग्णाला घरी जाताना झडपेचं कार्ड सक्तीने द्यावं, चिकटपट्टीसकट, आणि तीच नोंद त्याच्या आभा या आरोग्य ओळख क्रमांकाखालीही चढवावी, म्हणजे घर बदललं, कागद वाळवीने खाल्ले तरी ती राहील. एवढं केलं की दुसरंही सोपं होतं : 2012 ते 2016 च्या काळात टिश्यू झडप बसवलेल्यांची यादी योजनेकडेच निघेल. त्यांना बोलावून जिल्हा रुग्णालयात वर्षातून एकदा इको करता येईल. झडप कडक व्हायला लागली की इकोवर ते धापेच्या बरंच आधी दिसतं. त्या वेळी ठरवून केलेला उपचार आणि फुप्फुसात पाणी भरल्यावर रात्री बारा वाजता पुण्याला पळवलेला रुग्ण, यांत खर्चाचाही फरक आहे आणि जिवाचाही. यादीत जे सापडणार नाहीत त्यांच्यासाठी आम्हा औषधविक्रेत्यांना सांगा. पायाची सूज घेऊन डायटॉरची चिठ्ठी आणणाऱ्याला "व्हॉल्व्ह बदललाय का?" एवढं विचारायला वेळ लागत नाही.

किमतीचं काम आपल्या एकट्याच्या हातात नाही, हे ठाऊक आहे. पण केंद्राने फेब्रुवारी 2017 मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषधी लेप असलेला स्टेंट एका रात्रीत तीस हजारांच्या आत आला, आणि रुग्णालयं काही बंद पडली नाहीत. कॅथेटरच्या झडपेला तशी मर्यादा नाही. राज्य दहा लाख देणार असेल तर एका वर्षात किती झडपा लागतील याचा अंदाज घेऊन कंपन्यांशी एकत्र भाव ठरवणं राज्याला शक्य आहे. एकेका रुग्णालयाने एकेक झडप मागवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल आणि त्याच निधीत जास्त माणसं बसतील.

आणि शेवटी, ज्या आजारामुळे तिशीच्या आतल्या मुलींच्या झडपा बदलाव्या लागतात त्याच्याबद्दल. संधिवाताचा ताप एकदा आलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं तर झडप पुढे बिघडण्यापासून वाचू शकते. झडप बदलल्यावरही ते वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं. इंजेक्शन स्वस्त आहे, आणि स्वस्त आहे हीच त्याची अडचण. ठोक विक्रेत्याकडे मागितलं तर पुष्कळदा "माल नाही" ऐकू येतं. सुई जाड, दुखणारी, म्हणून पोरं पळतात. रिॲक्शनच्या भीतीने खासगी डॉक्टर टोचायला नाखूश, मग मायबाप ते सोडून देतात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ते बारा महिने मिळावं, टोचण्याआधीची चाचणी आणि रिॲक्शन आली तर लागणारं औषध तिथेच असावं, आणि शाळेच्या आरोग्य तपासणीत सुजलेल्या सांध्यांचं पोर सापडलं तर त्याचं नाव पुढल्या दहा वर्षांसाठी रजिस्टरला लागावं.

या पत्राची प्रत जिल्हा शल्यचिकित्सक, अहिल्यानगर यांनाही देत आहे. वस्तीतल्या त्या सुनेचा सीटी स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे. फाइल योजनेत दाखल झाली की तिची प्रतही आपल्या कार्यालयाला पाठवीन.

आपला,
नागापूरचा एक औषधविक्रेता